कोसळतो तो कडा, सुटतो तो उतार
हिमस्खलनाच्या मराठी वृत्तान्तांची चिकित्सा

हिमालयात बर्फाखाली माणसे गाडली गेल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते तेव्हा तिची भाषा जवळजवळ ठरलेली असते. ‘निसर्गाचा कोप’ होतो, ‘काळाचा घाला’ पडतो, ‘हिमकडा कोसळतो’. गाडले गेलेले जवान असतील तर त्यांना ‘वीरमरण’ येते आणि गिर्यारोहक असतील तर ‘स्वप्न अधुरे’ राहते. चार दिवसांनी पार्थिव गावी येते, अंत्यसंस्कार होतात आणि विषय मिटतो. तो उतार किती तीव्र होता, आदल्या तीन दिवसांत तिथे किती बर्फ पडला, वारा कोणत्या बाजूने वाहत होता, एका वेळी किती माणसे उतारावर होती, आदल्या दिवशी शेजारच्या उतारावरून काही घसरले होते का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या मजकुरात सहसा सापडत नाही. हे प्रश्न विचारलेलेच नसतात.

मराठीत हिमस्खलनाविषयी जे लिहिले जाते, बातम्या, श्रद्धांजलीपर लेख, मोहिमांची वर्णने, त्याची तपासणी या लेखात करायची आहे. ठाकुर्लीसारख्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवरच्या गावातून बर्फाविषयी लिहिण्याचे कारण सरळ आहे. कल्याण-डोंबिवलीचा हा पट्टा भटक्यांचा आहे. मलंगगड, सिद्धगड, गोरखगड हे इथल्या मुलांचे रविवारचे डोंगर. त्यातलीच मुले डिसेंबर-जानेवारीत केदारकंठाला, ब्रह्मतालला जातात. मे महिन्यात सार पासला जातात. सह्याद्रीत तयार झालेली नजर घेऊनच ती बर्फात उतरतात. त्या नजरेला काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा संबंध ती वाचत आलेल्या मजकुराशी आहे. म्हणून हा प्रश्न भाषेचा असला तरी केवळ भाषेचा नाही.

शब्दांची अडचण

पहिली अडचण शब्दांतच आहे. ‘हिमपात’, ‘हिमप्रपात’ आणि ‘हिमस्खलन’ हे तीन शब्द आपल्याकडे अनेकदा एकाच अर्थाने छापले जातात. वास्तविक हिमपात म्हणजे आकाशातून बर्फ पडणे आणि हिमस्खलन म्हणजे डोंगरावर साठलेला बर्फ घसरणे. पहिले दुसऱ्याचे कारण असू शकते, पण दोन्ही एक नव्हेत. ‘बर्फ’ या शब्दाचेही तसेच. फ्रीजमधला खडा, उसाच्या रसातला चुरा, आकाशातून पडणारा भुसभुशीत हिमकण, हिमनदीतला निळसर दगडासारखा गोळा, या सगळ्यांना आपण बर्फच म्हणतो. ज्या प्रदेशात बर्फ पडतो तिथे असे चालत नाही. काश्मिरीत आकाशातून पडणारा बर्फ ‘शीन’, गढवाल-कुमाऊंमध्ये ‘ह्यूं’. मराठीला असा वेगळा शब्द लागला नाही, यात मराठीचा दोष नाही. पण बर्फातल्या अपघाताविषयी लिहिताना ही उणीव भरून काढावी लागते, आणि ती सहसा काढली जात नाही.

त्याहून मोठी अडचण ‘कडा कोसळला’ या शब्दप्रयोगाची आहे. कडा हा सह्याद्रीचा शब्द. उभा, काळा, डोक्यावर आलेला. तो कोसळतो म्हणजे वरून खाली पडतो आणि खाली उभा असलेला माणूस त्यात सापडतो. त्या माणसाचा घटनेशी एवढाच संबंध की तो दुर्दैवाने तिथे होता. हिमालयात असेही घडते. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात वरचा लटकता हिमकडा तुटून १६ नेपाळी कामगार गेले. तिथे ‘कडा कोसळला’ हेच वर्णन बरोबर आहे. पण वादळानंतर बर्फात फिरायला, चढायला किंवा स्कीइंग करायला गेलेल्यांचे सर्वाधिक बळी घेणारा प्रकार वेगळा आहे. त्याला गिर्यारोहक ‘स्लॅब’ म्हणतात.

हा शब्द आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. ‘स्लॅब कोसळला’ ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी आहे. फरक इतकाच की इमारतीत स्लॅब डोक्यावर असतो आणि डोंगरावरचा स्लॅब पायाखाली. वाऱ्याने आणि वजनाने घट्ट झालेला बर्फाचा एक सलग थर खालच्या नाजूक थरावर टेकलेला असतो. माणूस त्यावर चालत जातो, त्याच्या वजनाने खालचा थर दाबला जाऊन मोडतो, तो मोड क्षणात दूरवर पसरतो आणि वरची अख्खी लादी सुटते. माणूस लादीच्या खाली नसतो, वर असतो. युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की हौशी गिर्यारोहक आणि स्कीपटू ज्या हिमस्खलनांत सापडतात त्यांतल्या सुमारे ९० टक्के प्रसंगी ते स्खलन त्यांच्यापैकीच कोणाच्या तरी वजनाने सुटलेले असते.

इथे ‘कोसळला’ हे क्रियापद दिशाभूल करते. त्यात कर्ता डोंगर असतो आणि माणूस फक्त भोगणारा. खरी घटना अशी की उतार ताणलेला होता आणि माणसाने त्यावर पाऊल टाकले. ‘सुटला’ असे लिहिले तर वाचकाच्या मनात लगेच पुढचा प्रश्न येतो : कशाने सुटला? हा प्रश्न जागा करणारे क्रियापद निवडणे एवढी साधी सुधारणासुद्धा वृत्तान्ताचा दर्जा बदलू शकते.

वादळानंतरचा उतार

वादळ ओसरल्यावर उतार कसा वाचायचा, याचे ज्ञान गूढ नाही. त्याचे चार घटक आहेत आणि चारही मराठीत सांगता येतात.

पहिला, कोन. स्लॅब प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा घसरत नाही, आणि त्याहून उभ्या जागी तो साठण्याआधीच थोडाथोडा ओघळत राहतो. आपल्या इमारतीचा नेहमीचा जिना साधारण तीस अंशांच्या आसपास असतो. म्हणजे धोक्याची सुरुवात जिन्याइतक्या उतारापासून होते. सह्याद्रीत वाढलेल्या नजरेला जिन्याइतका उतार हा उतारच वाटत नाही. तिला भीती वाटते ती कड्याची. रुंद, मऊ, पांढरा, झाडे नसलेला उतार तिला मैदानासारखा भासतो. नेमका तोच संशयास्पद.

दुसरा, नवे ओझे. ताज्या बर्फाचे वजन कमी वाटते, पण दबून बसलेला अर्धा मीटर थर घनमीटरला २०० किलो धरला तरी प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलो भार टाकतो. ५० मीटर लांब आणि तितकीच रुंद लादी सुटली तर अडीचशे टन वजन चालू लागते. किती नवा बर्फ धोकादायक, याचे आल्प्समधले ढोबळ प्रमाण असे : परिस्थिती अनुकूल असेल तर ३० ते ५० सेंटिमीटर, कडाक्याची थंडी आणि जोराचा वारा असेल तर १० ते २० सेंटिमीटरही पुरे.

तिसरा, वारा. आपल्या वृत्तान्तांत वारा फक्त ‘बोचरा’ असतो. प्रत्यक्षात तो हमाल आहे. डोंगराच्या एका बाजूचा बर्फ उचलून तो दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला रचून ठेवतो. आकाशातून एक वीतभर बर्फ पडला असला तरी आडोशाच्या बाजूला त्याच्या कित्येक पट थर साचू शकतो. म्हणून ‘एवढा काही बर्फ पडला नाही’ हे तळावरच्या तंबूबाहेर पाहून काढलेले अनुमान वरच्या उताराला लागू पडत नाही.

चौथा आणि सर्वांत फसवा घटक म्हणजे खालचा थर. वादळाआधी बरेच दिवस आकाश निरभ्र आणि रात्री कडक थंड असतील तर जुन्या बर्फाचे कण आपापसातली पकड सोडतात आणि जाड साखरेसारखे रवाळ होतात. सह्याद्रीत ज्याला आपण घसारा म्हणतो, म्हणजे टणक उतारावर पसरलेली सुटी खडी, तसे काहीसे बर्फाच्या आत तयार होते. वरून नवे वादळ येऊन त्यावर घट्ट लादी ठेवते. घसारा डोळ्यांना दिसतो. हा पुरलेला घसारा दिसत नाही. नव्या बर्फाचा धोका वादळात आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वाधिक असतो, पण खाली असा रवाळ थर असेल तर तो आठवडेच्या आठवडे टिकतो.

उतार स्वतःही खुणा देतो. शेजारच्या, त्याच दिशेच्या उतारावर ताजे स्खलन झालेले असणे ही सर्वांत स्पष्ट खूण. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येऊन बर्फ किंचित खचणे ही दुसरी. पायापासून निघून पुढे पळत जाणारा तडा ही तिसरी. यांपैकी एक जरी दिसली तरी जाणते लोक परत फिरतात. असे आवाज वर्णनांतून क्वचित येतातही, पण वातावरणनिर्मितीसाठी, ‘गूढ शांततेचा भंग करणारा आवाज’ म्हणून. ज्या तपशिलाने जीव वाचला असता तो अलंकार होऊन बसतो.

निरभ्र सकाळ

उतार वाचता येतो, तर मग माणसे का सापडतात? ‘बेपर्वाई’ हे त्याचे सोपे उत्तर. ‘निसर्गाचा कोप’ जसा प्रश्न बंद करतो तसाच ‘मानवी चूक’ हाही करतो. दोन्ही आळशी निदाने आहेत.

अमेरिकेतल्या ७१५ हिमस्खलन दुर्घटनांचा इयन मॅकॅमन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो. बहुतेक प्रसंगी धोक्याच्या खुणा उघड दिसत होत्या, तरीही माणसे पुढे गेली. त्यामागे त्यांना सहा सापळे आढळले : वाट ओळखीची असणे, ठरवलेले पुरे करण्याची ओढ, इतरांच्या पसंतीस उतरण्याची इच्छा, गटातल्या जाणत्यावर विसंबणे, संधी हातची जाईल ही घाई, आणि आजूबाजूला इतर माणसे असल्याने वाटणारा धीर. यातली अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की हिमस्खलनाचे प्राथमिक प्रशिक्षण घेतलेले गट अप्रशिक्षित गटांपेक्षा ठळकपणे कमी धोका पत्करताना दिसले नाहीत.

हे सहाही सापळे आपल्या ओळखीचे आहेत. दोन महिने आधी काढलेले रेल्वेचे तिकीट, ऑफिसातून मोजून मिळालेली सात दिवसांची रजा, आगाऊ भरलेले पैसे : ठरवलेले पुरे करण्याची ओढ याहून वेगळी ती काय? ‘लीडरला माहीत असेलच’ हे जाणत्यावर विसंबणे. ‘पुढचा ग्रुप गेलाय की’ हा इतरांमुळे आलेला धीर. वास्तविक आधीच्या नऊ जणांची पावले उमटली म्हणून दहाव्याखाली लादी सुटणार नाही, असे बर्फाचे शास्त्र कुठेही सांगत नाही. आणि गटात एकट्यानेच ‘मला हा उतार बरोबर वाटत नाही’ म्हणायचे तर ‘घाबरट’ हा शिक्का तयार असतो.

त्यातून वादळानंतरची पहिली निरभ्र सकाळ म्हणजे मोहाची परिसीमा. दोन दिवस तंबूत कोंडलेली माणसे बाहेर येतात. आकाश निळे, शिखर चमकणारे, फोटोला याहून चांगला दिवस नाही. वादळ संपले म्हणजे धोका संपला असे वाटते. उतारावर ओझे मात्र कालच पडलेले असते आणि आता त्यावर ऊनही पडू लागलेले असते. ‘हवामान सुधारले आणि आम्ही निघालो’ हे वाक्य मोहिमेच्या वर्णनात सुटकेच्या सुरात येते. बर्फाच्या दृष्टीने ते वर्णनातले सर्वांत धोक्याचे वाक्य असू शकते.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षणार्थी गट ‘द्रौपदी का डांडा-२’ या शिखराजवळ हिमस्खलनात सापडला. बर्फाबरोबर बरेच जण हिमभेगेत फेकले गेले. २७ मृतदेह मिळाले, दोघे बेपत्ता राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे सोळा दिवसांत सर करणाऱ्या प्रशिक्षिका सविता कंसवाल त्यात गेल्या. ही संस्था १९६५ पासून गिर्यारोहण शिकवते आहे. बर्फाविषयीच्या ज्ञानाचा तिथे तुटवडा असण्याचे कारण नाही. म्हणूनच या दुर्घटनेवर बोट दाखवण्यापेक्षा तिच्यापाशी थांबणे गरजेचे होते. ताज्या बर्फानंतर एकाच उतारावर एका वेळी किती माणसे असावीत? परत फिरण्याचा निर्णय कोणत्या खुणांवर घ्यायचा, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे का? बातम्यांत मात्र ठळकपणे आला तो सविता कंसवाल यांच्या विक्रमाचा आणि मृत्यूचा विरोधाभास. तो हृदयद्रावक आहेच. पण वाचणाऱ्या विशीतल्या मुलीला त्यातून हळहळीखेरीज काय मिळाले?

इशारा वाचायचा कसा

हिमस्खलनाचे इशारे आपल्याकडे दिलेच जात नाहीत, हा एक समज आहे. १९६९ साली मनालीत हिम व हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन झाली. पुढे २०२० मध्ये ती संरक्षण भूमाहिती संशोधन संस्थेत विलीन झाली. हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी तिथून इशारे निघतात. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथच्या पुढे माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आले. ५४ कामगार सापडले, ४६ वाचले, आठ गेले. चमोलीसह काही जिल्ह्यांसाठी २४०० मीटरच्या वरच्या भागात धोका असल्याचा इशारा आदल्या संध्याकाळीच निघालेला होता.

‘इशारा असूनही’ हे शब्द मग बातमीत येतात आणि कोणावर तरी ठपका येतो. त्याआधी इशाऱ्याचे स्वरूप पाहायला हवे. अख्खा जिल्हा आणि २४०० मीटरच्या वरचा सगळा भाग म्हणजे शेकडो उतार. त्यातला कोणता? हे इशारा सांगू शकत नाही आणि सांगेल अशी अपेक्षाही नाही. इशारा ही चौकशीची सुरुवात असते.

युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत : अल्प, मध्यम, लक्षणीय, मोठा आणि अतिशय मोठा. पाचातली तिसरी म्हणजे मधली, म्हणजे ठीकठाक, असे सामान्य माणूस समजतो. परीक्षेत पाचपैकी तीन म्हणजे पास. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाचे जवळपास निम्मे बळी याच तिसऱ्या पायरीच्या दिवसांत जातात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरीच थांबतात. तिसऱ्या पायरीला विचार करायचा असतो, तो करत नाहीत. स्विस मार्गदर्शक वेर्नर मुंटर यांनी १९९० च्या दशकात यासाठी एक साधा नियम मांडला : दुसऱ्या पायरीला ४० अंशांच्या आतल्या उतारांवर राहा, तिसऱ्या पायरीला ३५ च्या आत, चौथ्या पायरीला ३० च्या आत. नियम ढोबळ आहे, त्यावर टीकाही झाली. पण इशारा आणि उतार यांची सांगड घालायची असते, एवढे तरी तो शिकवतो.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. दर पावसाळ्याआधी आपल्या महापालिका ‘धोकादायक’ आणि ‘अतिधोकादायक’ इमारतींच्या याद्या जाहीर करतात. ‘अतिधोकादायक’मधून माणसे कशीबशी बाहेर काढली जातात, नुसत्या ‘धोकादायक’मध्ये ती वर्षानुवर्षे राहतात, कारण तो शब्द ऐकून ऐकून बोथट झालेला असतो. जुलै २०१५ मध्ये ठाकुर्लीत मातृकृपा इमारत पडून नऊ जण गेले. ते या गावाला ठाऊक आहे. मधल्या पायरीवर माणूस कसा निर्धास्त होतो, हे समजायला आल्प्सपर्यंत जावे लागत नाही.

इशाऱ्याच्या उलट टोकाला परवान्याची हद्द असते. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक हिमस्खलनात गेले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच परवानगी होती, घटना पंधराव्या मैलाजवळ घडली, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. ‘नियम मोडला म्हणून गेले’ असा त्याचा अर्थ लावला गेला. तो अपुरा आहे. ती हद्द तिथेच का आखली, पुढचा उतार कसा आहे, हे त्या पाटीवर किंवा त्या परवान्यावर सांगितलेले असते तर ती पाळणाऱ्यांची संख्या वाढली असती. कारण न सांगता घातलेली बंदी आपल्याकडे अडचण म्हणूनच वाचली जाते.

चमत्कार आणि वीरमरण

मराठी वृत्तान्ताला चमत्काराची ओढ आहे. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यात साताऱ्याच्या माण तालुक्यातला एक जवान होता. सहाव्या दिवशी लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले आणि ११ फेब्रुवारीला रुग्णालयात गेले. त्या दिवसांत देशभर प्रार्थना झाल्या. ती भावना खोटी नव्हती. पण अपवादावर इतके लिहिले गेले की नियम सांगायचा राहून गेला.

नियम असा आहे. स्वित्झर्लंडमध्ये गाडल्या गेलेल्या स्कीपटूंच्या नोंदींवरून १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या १५ मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक वाचतात. ३५ मिनिटांनी हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर येते. मृत्यू मुख्यतः गुदमरून येतो. म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत बहुतेक वेळा सगळे संपलेले असते. वाचवू शकतो तो सोबतीच, आणि तोही त्याच्याजवळ संकेत पकडणारे यंत्र, लांब सळई आणि फावडे असेल, ती वापरता येत असतील आणि तो स्वतः गाडला गेला नसेल तर. उतार एकेकट्याने ओलांडायचा नियम यासाठीच आहे. माण्याला इतके कामगार वाचले त्यामागेही समजण्याजोगे कारण होते : अनेकजण लोखंडी कंटेनरमध्ये होते आणि आत हवा उरली.

जवानांच्या बाबतीत ‘वीरमरण’ हा शब्द आदराने येतो, तसाच यावा. जानेवारी २०१७ मध्ये काश्मीरच्या गुरेझमध्ये गेलेल्या जवानांत महाराष्ट्राचेही होते. त्यांना उतार निवडण्याचे स्वातंत्र्य नव्हते. माण्याच्या मजुरांनाही नव्हते. हौशी माणूस परत फिरू शकतो; नोकरीवरचा माणूस फिरू शकत नाही. म्हणून त्याच्या जागेची निवड, चौकीची आखणी, छावणीचे स्थान, इशाऱ्यानंतर जागा सोडण्याची मुभा यांविषयी प्रश्न विचारणे ही त्याच्या मृत्यूची अवहेलना ठरत नाही. आदराचा शब्द चौकशीच्या जागी बसतो तेव्हा मात्र पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी उभ्या राहणाऱ्याचे नुकसान होते.

मोहिमेच्या वर्णनांत काय गळते

मराठी गिर्यारोहणाला आता समृद्ध इतिहास आहे. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले. २०१२ मध्ये गिरिप्रेमीच्या गिर्यारोहकांनी ते शिखर गाठले. २०१९ मध्ये त्याच संस्थेने कांचनजुंगा सर केले. या परंपरेतून लेखनही भरपूर आले. त्याचा बहुतेक ठिकाणी दिसणारा घाट असा : स्वप्न, निधी जमवण्याची खटपट, तळछावणी, अडचणी, अंतिम चढाई, तिरंगा. अंतिम चढाईला एक प्रकरण मिळते. हवामानासाठी थांबलेल्या दिवसांना एक परिच्छेद, कधी एक वाक्य.

गिर्यारोहणातला निर्णय मात्र त्या थांबलेल्या दिवसांत असतो. आज वर जायचे की नाही यावर झालेला वाद, एकाने घेतलेली हरकत, खड्डा खणून पाहिलेले थर, उद्यावर ढकललेली चढाई. हे लिहिताना नाट्य कमी वाटते म्हणून गाळले जाते. माघारीला तर जागाच नाही. ‘मोहीम अपयशी’ या दोन शब्दांत ती संपते. शिखरापासून दोनशे मीटरवर, आडोशाचा उतार भरलेला आहे हे ओळखून जो गट परतला त्याचे वर्णन शिखर गाठणाऱ्या गटाच्या वर्णनापेक्षा नव्या वाचकाला अधिक शिकवते. मोहिमा आखणाऱ्यांनी आणि त्यांची वर्णने छापणाऱ्या संपादकांनी, आम्हा दिवाळी अंकांतल्या लेखकांनीसुद्धा, ही जागा मुद्दाम करून द्यायला हवी.

सगळेच ताडता येते असा दावा इथे नाही. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपाने एव्हरेस्टच्या तळछावणीवर आलेला लोट कोणत्याही बर्फवाचनाने टळला नसता. ७ फेब्रुवारी २०२१ ला चमोलीत खडक आणि बर्फाचा अख्खा कडाच तुटला. तिथे ‘कोप’ म्हणणाऱ्याला फार दोष देता येत नाही. पण ऑक्टोबर २०१४ चे अन्नपूर्णा आठवा. ‘हुदहुद’ चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकले. १४ तारखेला त्याचा उरलेला जोर बर्फ होऊन नेपाळच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात उतरला आणि ४० हून अधिक माणसे गेली, काही हिमस्खलनात, काही गारठून. ते वादळ दोन दिवस साऱ्या उपखंडाच्या नकाशावर दिसत होते. जे टळत नाही आणि जे टळू शकते, यांत फरक करता येणे हाच विवेक. एकच विशेषण दोन्हींना लावले की तो फरक पुसला जातो.

आपल्या डोंगरांपर्यंत

हा फरक पुसला जाण्याची किंमत फक्त हिमालयात मोजली जात नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ जण गेले. १९ जुलै २०२१ ला कळव्याच्या घोलाईनगरात दरड येऊन एकाच घरातले पाच जण गेले, त्यानंतर तीनच दिवसांनी महाडजवळ तळियेत ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीत २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. शब्द तेच : कोप, घाला, कडा कोसळला. दरड आणि हिमस्खलन यांचे शास्त्र वेगळे आहे, पण विचारण्याचे प्रश्न एकाच घरातले. उताराचा कोन किती? आदल्या तीन दिवसांत किती ओझे आले, इथे बर्फाचे, तिथे मातीत मुरलेल्या पाण्याचे? खालचा थर कोणता? तडे, नव्याने फुटलेले झरे, कललेली झाडे अशा खुणा आधी दिसल्या होत्या का? कोणाला दिसल्या, आणि त्याने त्या कोणाला सांगितल्या? इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितले. हिमालयातल्या जिल्हावार इशाऱ्यासारखीच यादीचीही गोष्ट : यादीने गाव वगळले म्हणून उतार सुरक्षित होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. डोंगरातल्या अपघाताचा प्रत्येक वृत्तान्त, मग तो बातमीतला असो, आठवणीतला असो की मोहिमेच्या पुस्तकातला, या प्रश्नांची उत्तरे देणारा असावा : उतार कसा होता, आदल्या दिवसांत त्यावर काय साठले, कोणत्या खुणा दिसल्या, निर्णय कोणी व कशावरून घेतला, किती माणसे एकत्र होती, आणि गाडलेल्याला बाहेर काढायला किती मिनिटे लागली. ही उत्तरे मिळत नसतील तर ‘मिळाली नाहीत’ असे लिहावे. तेही माहितीच आहे. शोक करण्याला यात कुठेही मनाई नाही.

येत्या डिसेंबरात डोंबिवली-ठाकुर्लीतून पुन्हा सॅक भरल्या जातील. त्या मुलांच्या हाती काही वर्णने पडलेली असतील. वादळानंतरच्या निरभ्र सकाळी, जिन्याइतक्या उताराच्या एका पांढऱ्या, मोकळ्या पट्ट्यापुढे ती उभी राहतील, पलीकडे पुढच्या गटाची पावले उमटलेली असतील आणि परतीचे तिकीट खिशात असेल. तेव्हा कोणीतरी एकाने ‘थांबा, आधी बघू’ म्हणावे आणि बाकीच्यांनी त्याला हसू नये, इतके जरी आपल्या लेखनाने साधले तरी ते पुष्कळ आहे.